पुन्हा वाचण्याजोगी फॅन्टसी : एका खणाच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

वाचनगटाच्या कपाटातला एक खण ‘पुन्हा वाचावी अशी फॅन्टसी’ म्हणून लावायचा ठरला. निवड माझ्या गळ्यात पडली, कारण बैठकीत सगळ्यांत जास्त तोंड मीच वाजवलं होतं. मुदत दिवाळीपर्यंत.

नियम एकच ठेवलाय. आठवणीच्या भरवशावर एकही पुस्तक खणात जाणार नाही. पंधराव्या वर्षी जीव टाकलेलं पुस्तक आजही तितकंच चांगलं आहे असं न वाचता म्हणणं म्हणजे स्वतःचे लाड. आधी वाचायचं, मग बोलायचं.

लांबलचक मालिका आजच बाजूला काढल्या. रॉबर्ट जॉर्डनची ‘द व्हील ऑफ टाइम’ चौदा खंडांची. जॉर्डन २००७ साली गेला, उरलेलं ब्रँडन सँडरसनने २०१३ पर्यंत पुरं केलं. ती पुन्हा वाचायची तर नोकरी सोडावी लागेल. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, पुढच्याची लोक अजून वाट बघतायत. शेवटच हातात नाही तर पुन्हा काय वाचणार!

गटातल्या काकूंनी विचारलंच, “पुन्हा कशाला वाचायचं गं? पहिल्यांदा कळलं नव्हतं का?” सगळे हसले, पण प्रश्न मी वहीत लिहून घेतला. गोष्ट माहीत, शेवट माहीत, कोण मरणार तेही माहीत. मग पान उलटायला लावतं कोण?

८ जून

सुरुवात उर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’पासून (१९६८). पुस्तक छोटंसं, दोन-तीन संध्याकाळी पुरेल एवढं. सगळं जग बेटांचं. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा, गेड, जादू शिकायला रोक बेटावरच्या शाळेत जातो. तिथे एका उर्मट मुलाशी ईर्षेला पेटून मेलेल्या व्यक्तीला बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. त्यानंतर आधी सावली त्याच्या मागे, मग तो सावलीच्या मागे.

पहिल्या वाचनात सगळा प्रकाश त्या ईर्षेच्या रात्रीवर पडतो. पुन्हा वाचताना त्याच्या बरंच आधीचं एक पान अडवून धरतं. शाळेत जाण्यापूर्वी गेड ओगियन नावाच्या मितभाषी गुरूकडे राहतो. कुरणात भेटणारी एक मुलगी त्याला डिवचते, आणि तिच्यापुढे मिरवता यावं म्हणून तो गुरूच्या ग्रंथातला नको तो मंत्र वाचत बसतो. अंधार पडतो. दाराशी काहीतरी दबा धरून बसलंय. ओगियन उजेड घेऊन आत येतो आणि ते नाहीसं होतं. विषय तिथेच संपतो, असं वाटतं. म्हणजे सावली शाळेत जन्मली नाही, ती आधीच दाराशी येऊन गेली होती. आणि ती कुरणातली मुलगी पुस्तकात पुढे पुन्हा भेटते, एका दूरच्या गढीची मालकीण म्हणून. तिथेही तिचं काम तेच, गेडच्या अहंकाराला डिवचणं. लेखिका यातलं काहीही अधोरेखित करत नाही.

दुसरी जागा खड्याची. नजरबंदी शिकवणाऱ्या गुरुजींना गेड विचारतो की खड्याचा केलेला हिरा हिराच कसा ठेवायचा. गुरुजी सांगतात, हा हिरा नुसता दिसण्यापुरता. खडा खरोखर बदलायचा तर त्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि जगाचा एवढासा कण बदलला तरी जग बदलतं. त्यातून काय बरं-वाईट निपजेल हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही. वर हसून म्हणतात की दगडही काही वाईट वस्तू नाही. पोरवयात हे गुरुजी कंटाळवाणे वाटतात. आता वाटतं, ही मालिका उभी आहे ती या खड्यावर.

वहीत पहिला निकष लिहिला : इथे जादू फुकट आहे का?

जाता जाता : गेडची कातडी तांबूस तपकिरी, त्याचा मित्र व्हेच त्याहून काळा, आणि गोरे ते हल्लेखोर कारगाड लोक. १९६८ साली ले ग्विनने हे मुद्दाम आणि गाजावाजा न करता केलं. पुढे २००४ मधल्या टीव्ही मालिकेत गेड गोरा झाला, तेव्हा तिने त्यावर जाहीर टीका केली.

२२ जून

‘द टूम्स ऑफ अटुआन’ (१९७१) आणि लगेच ‘टेहानू’ (१९९०). मधला ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) चाळला. तो चांगला आहे, पण आत्ता या दोघींची गाठ घालून बघायची होती.

अटुआनमध्ये नायिका टेनार. लहानपणीच घरातून उचलून अंधाराच्या देवतांची पुजारीण केलेली, नावसुद्धा काढून घेतलेलं. थडग्यांखाली भुयारं आहेत, तिथे दिवा न्यायला बंदी, म्हणून ती वळणं बोटांनी मोजत पाठ करते. पहिल्या पुस्तकाचा नायक गेड इथे निम्मं पुस्तक सरल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसतो तो चोर म्हणून, भुयारात कोंडलेला, तहानेने अर्धमेला. आपल्या ओळखीचा माणूस शत्रूच्या नजरेने बघायला लागतो. पहिल्यांदा वाचताना ‘गेड कधी येणार’ याची घाई असते; ती घाई गेल्यावर मग कुठे टेनार नीट दिसते.

‘टेहानू’बद्दल गटात भांडण होणार हे नक्की. तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी आलेलं. गेडची सगळी शक्ती गेलेली, टेनार मध्यमवयीन शेतकरीण विधवा, आणि घरात एक भाजलेली, कुणी नको म्हटलेली पोर. जादू जवळजवळ नाहीच. बऱ्याच वाचकांना तेव्हा हे फसवणूक केल्यासारखं वाटलं. मी विशीत निम्म्यावर सोडलं होतं. आता सलग वाचलं. टेनारचा मुलगा समुद्रावरून परत येतो आणि जेवल्यावर स्वतःचं ताट उचलायला साफ नकार देतो, बायकांचं काम म्हणून. ती जागा वाचून मी पुस्तक मिटलं आणि जरा वेळ स्वयंपाकघराकडे बघत बसले. ड्रॅगन असलेल्या पुस्तकात उष्ट्या ताटावरून एवढा राग येईल असं वाटलं नव्हतं.

६ जुलै

टोल्किन. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, १९५४-५५. फ्रोडो नावाच्या बुटक्या नायकाला एक घातक अंगठी ज्वालामुखीच्या आगीत नेऊन टाकायची आहे, त्या प्रवासाची गोष्ट. लेखकाच्या लेखी ही एकच कादंबरी. युद्धानंतरच्या दिवसांत कागद महाग म्हणून प्रकाशकाने तीन खंड केले. मराठीत मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद आहे. गटातल्या दोघी तो घेऊन बसल्यात, मी इंग्रजी. रोज रात्री एक प्रकरण, त्याहून जास्त नाही.

वाटेत भेटणारा, सारखी गाणी म्हणणारा टॉम बॉम्बाडिल यावेळीही सोसला नाही. खणातल्या प्रतीत चिठ्ठी ठेवणार आहे : ही प्रकरणं गाळली तरी पाप लागत नाही. (भक्तमंडळींनी माफ करावं.)

२० जुलै

दुसऱ्या खंडाच्या शेवटाशी आले. आता शेजारी परिशिष्टातली तारीखवार जंत्री उघडी ठेवून वाचतेय. फ्रोडो आणि त्याचे सोबती रिव्हेंडेलहून निघतात २५ डिसेंबरला, अंगठी आगीत पडते २५ मार्चला. मधले तीन महिने बहुतेक पायपीट. कोण कुठल्या रात्री कुठे होतं याचा हिशेब जुळतो. फ्रोडो एकीकडे, बाकीचे शेकडो मैलांवर. पण त्या रात्री दोघांच्या डोक्यावरचा चंद्र एकाच कलेचा हवा, म्हणून टोल्किन अक्षरशः पंचांग घेऊन बसल्यासारखा मागची प्रकरणं दुरुस्त करत राहिला. युद्धाच्या काळात मुलाला लिहिलेल्या पत्रांत या चंद्राबद्दलची कुरकुर आहे. वाचकाला हे कळावं अशी अपेक्षाही नाही. पण चालून चालून पाय दुखले की ते खरं वाटतं, त्यामागे हा हिशेब आहे.

३ ऑगस्ट

संपलं. काही गोष्टी मांडून ठेवते.

या कादंबरीचा शेवट दुसऱ्याच प्रकरणात सांगून टाकलेला आहे. अंगठी आधी गॉलमकडे होती, त्याच्याकडून ती फ्रोडोच्या घरच्या बिल्बोकडे आली. बिल्बोने गॉलमला संधी असताना मारलं नाही, याची फ्रोडोला हळहळ वाटते. जादूगार गँडाल्फ म्हणतो की दया आली म्हणूनच बिल्बो थांबला, आणि गॉलमचं काही काम अजून शिल्लक असावं. पुढे हजारभर पानांनी फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यावर उभा राहतो आणि अंगठी टाकायला नकार देतो. बोटात घालतो. नायक हरतो! गॉलम त्याचं बोट तोडून अंगठी घेतो आणि तोल जाऊन आत पडतो. जग वाचतं ते त्या जुन्या दयेमुळे. पहिल्या वाचनात धावपळीत हे योगायोगासारखं निसटतं. दुसऱ्यांदा मात्र गॉलम पानावर आला की प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो : आता तरी याला मारू नका रे.

यामागची कारागिरी तर आणखी गमतीची. बिल्बोची गोष्ट सांगणाऱ्या आधीच्या ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून द्यायला स्वतःहून तयार असतो. पुढे अंगठीचं महत्त्व वाढलं, आता ती कुणी राजीखुशीने देईल हे शक्य नव्हतं, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. मग जुनी आवृत्ती वाचलेल्यांचं काय? टोल्किनने नव्या कादंबरीत सांगून टाकलं की बिल्बोने आधी खोटं सांगितलं होतं, अंगठीचा अंमल तेव्हापासूनच चढत होता. स्वतःची दुरुस्ती लेखकाने पात्राच्या माथी मारली, आणि त्यातून पात्र आणखी खोल झालं. हे वाचून मला टोल्किनबद्दल आदर वाटला तेवढा लढायांच्या प्रकरणांनी कधी वाटला नाही.

आणि घरी परतल्यावरचं सगळं. २००३ च्या चित्रपटात गाळलेलं ते प्रकरण, ज्यात फ्रोडो आणि त्याचे तीन गाववाले परत येतात तर गावाचीच वाताहत झालेली. झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य. फ्रोडोची जखम दरवर्षी ६ ऑक्टोबरला, म्हणजे ती झाली त्या तिथीला, ठणकते. रूपकं शोधू नका असं लेखकाने प्रस्तावनेत बजावलंय, तेव्हा शोधत नाही. एवढंच नोंदवते की टोल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होता.

निकषात भर : किंमत कोण चुकवतं, आणि पुस्तक ती किंमत विसरतं का? टोल्किन विसरत नाही.

१० ऑगस्ट

भाचा सुट्टीला आलाय. चौदा वर्षांचा, हॅरी पॉटर कितव्यांदा वाचतोय ते त्यालाही माहीत नाही. म्हणाला, “मावशी, तू उगाच जड पुस्तकं घेतेस. तिसरा भाग घे.”

घेतला. ‘द प्रिझनर ऑफ अझकाबान’ (१९९९). पोराचं म्हणणं रास्त निघालं. हॅरीचा मित्र रॉन, त्याचा पाळीव उंदीर पहिल्या पुस्तकापासून (१९९७) त्याच्या खिशात झोपा काढतोय. एक बोट तुटलेलं, आणि उंदराच्या मानाने फारच लांब आयुष्य, घरात बारा वर्षं. सगळं आपल्या डोळ्यांदेखत, आणि तो नुसता उंदीर नव्हता हे तिसऱ्यात कळतं. ज्याच्या नावाने हे तिसरं पुस्तक आहे त्या सिरियस ब्लॅकचा उल्लेखही पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात, एका मोटारसायकलचा मालक म्हणून, येऊन गेलेला. भाचा अशा जागा पेन्सिलीने खुणा करून दाखवत होता. पूर्ण मालिका खणात नाही, पण पहिली तीन पुस्तकं ठेवतेय.

१७ ऑगस्ट

एक गाजलेली त्रिखंडी मालिका आज यादीतून काढली. नाव लिहीत नाही, गटात तिचे चाहते आहेत. पहिल्या वाचनात पहाटेपर्यंत जागवलं होतं तिने. सगळी ताकद दर प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत. तो धक्का एकदा खाल्ला की पुढच्या वेळी माणसं लाकडी दिसतात, आणि नायकाला अडचण आली की एक नवीन शक्ती सुचते. वाईट वाटलं. पण एकदाच वाचायची पुस्तकंही जगात हवीतच की. प्रवासाला तीच बरी.

७ सप्टेंबर

गणपती आटोपले, पुन्हा टेबलाशी.

मिशाएल एंडेचं ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’, मूळ जर्मन, १९७९. मूळ आवृत्ती दोन शाईंत छापलेली, लाल आणि हिरवी : एक पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या, बास्टियनच्या जगासाठी, दुसरी तो वाचत असलेल्या पुस्तकातल्या जगासाठी. सव्वीस प्रकरणं, प्रत्येकाची सुरुवात क्रमाने ए ते झेड अशा अक्षराने. माझी स्वस्तातली प्रत एकाच काळ्या शाईतली. पुन्हा वाचणाऱ्याने रंगीत प्रत मिळवावी. ही सजावट नाही. दोन रंग एकमेकांत मिसळायला लागतात तेव्हा खरंच धस्स होतं.

१९८४ चा चित्रपट अनेकांनी पाहिलाय, तो पुस्तकाच्या पहिल्या निम्म्यावरच थांबतो. एंडेला तो मुळीच पसंत नव्हता, आणि दुसरा निम्मा भाग वाचल्यावर त्याचा संताप समजतो. पहिल्या भागात लठ्ठ, घाबरट बास्टियन गोष्टीचं जग वाचवतो. दुसऱ्या भागात तो त्या जगात जातो आणि त्याला हवं ते मागायची मुभा मिळते. सुंदर हो, झालास. शूर हो, झालास. फक्त प्रत्येक इच्छेगणिक घरच्या जगाची एक आठवण जाते, आणि गेली हेही त्याला कळत नाही. वाचकाला कळतं.

सगळ्यांत भीतिदायक जागा एका नगरीची. आठवणी संपलेली माणसं तिथे राहतात. त्यांना आता काही इच्छाही करता येत नाही, कारण इच्छा करायलाही मागचं काही आठवावं लागतं. एक माकड त्यांची देखभाल करतं आणि त्यांना अक्षरांच्या फाशांचा खेळ देतं. ते फासे टाकत बसतात. बहुतेक वेळा नुसती अक्षरांची खिचडी, पण अनंत काळ टाकत राहिलं तर जगातल्या सगळ्या गोष्टी त्यातून कधी ना कधी पडणारच. लहानपणी ही जागा गमतीची वाटते.

आणि मग खाण. बास्टियन जमिनीखालच्या खाणीत विसरलेल्या स्वप्नांची चित्रं खणत बसतो, दिवसचे दिवस, आपलं म्हणावं असं एक सापडेपर्यंत. सापडतं ते त्याच्या वडिलांचं. ते दातांच्या कवळ्या बनवणारे. चित्रात पांढऱ्या कोटातला एक माणूस, हातात प्लास्टरचा साचा, भोवती बर्फ. कुणाचं चित्र हे बास्टियनला ओळखताही येत नाही, फक्त आतून काहीतरी हलतं. आई गेल्यापासून घरात गोठलेलं मौन होतं, हे पहिल्या पानांत दोन वाक्यांत येऊन गेलेलं असतं.

यादीत वर.

२१ सप्टेंबर

बैठकीत अपेक्षित प्रश्न आला : “आपल्याकडचं काहीच नाही का?” विचारणं योग्यच होतं. सगळ्यांना आठवला चांदोबा, आणि त्यातलं शंकर यांचं ते चित्र : हातात तलवार, खांद्यावर प्रेत, स्मशानातून चाललेला राजा.

म्हणून मुळाशी गेले. सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’, अकराव्या शतकातलं काश्मीर, राणी सूर्यमतीच्या करमणुकीसाठी रचलेला. त्यात वेताळाच्या पंचवीस कथा येतात. तिथला राजा त्रिविक्रमसेन, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. रोज दरबारात एक भिक्षू त्याला एक फळ देतो, राजा ते न बघता कोठाराकडे धाडतो. एक दिवस माकडाच्या हातून फळ फुटतं आणि आतून रत्न निघतं. कोठारात पाहतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग. त्या फळांचं देणं फेडायला राजाला शिंशपाच्या झाडावरचं प्रेत आणायला जावं लागतं. माझा निकष हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी लावून ठेवलेला!

वेताळाची अट कात्रीत पकडणारी : उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. लहानपणी मजा उत्तरांची. आता उत्तरं मला पटेनाशी झालीत. नवरा आणि भाऊ यांची मुंडकी चुकून एकमेकांच्या धडांवर बसतात, तर बाईचा नवरा कोणता? राजा म्हणतो, डोकं ज्याचं तो. सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. त्या बाईला कुणी विचारलंच नाही. आम्ही यावर चहा निवेपर्यंत भांडलो.

पण खरी जागा शेवटच्या कोड्याची. एक बाप परक्या घरच्या एका मुलीशी लग्न करतो, त्याचा मुलगा त्या मुलीच्या आईशी. मग दोन्हीकडच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही. तो बोलत नाही, नुसता चालत राहतो. आणि त्यामुळेच सुटतो. इतक्या वेळा हुशारीने हरलेला माणूस न कळण्याने जिंकतो. शेवट ठाऊक असताना हे वाचलं की आधीच्या प्रत्येक हुशार उत्तराला राजा कसा अडकत जातोय ते बघायची वेगळीच गंमत.

५ ऑक्टोबर

टेरी प्रॅचेट. त्याच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फॅन्टसी मालिकेच्या एकूण कादंबऱ्या एक्केचाळीस, १९८३ ते २०१५. पहिल्यापासून सुरू करू नका, हे मोठ्या अक्षरांत लिहून खणावर चिकटवणार आहे. सुरुवातीची पुस्तकं थट्टेची, पुढची थट्टेच्या आडून बोलणारी.

मी घेतलं ‘मेन ॲट आर्म्स’ (१९९३). शहराच्या रात्रपाळीच्या पोलिसांचा कप्तान व्हाइम्स, पगार महिना अडतीस डॉलर. चांगल्या चामड्याचे बूट पन्नास डॉलरचे, वर्षानुवर्षं टिकणारे. परवडणारे दहाचे, एक-दोन मोसमांत पुठ्ठा बाहेर. म्हणून गरीब माणूस दहा वर्षांत बुटांवर शंभर डॉलर घालवतो आणि पाय ओलेच राहतात. हा उतारा आता अर्थशास्त्राच्या चर्चेतही उद्धृत होतो. पण त्याच जागी आणखी एक बारकावा आहे : तळवे इतके झिजलेले की धुक्याच्या रात्रीही पायाखालच्या दगडांवरून व्हाइम्सला आपण कुठल्या गल्लीत आहोत ते कळतं. हाच माणूस आता शहरातल्या सर्वांत श्रीमंत बाईशी लग्न करायला निघालाय. नवे बूट आले की ते ज्ञान जाणार. विनोदी पुस्तकात एवढं!

जादूच्या किमतीचा निकष इथे लागू पडत नाही. पडला नाही म्हणून पुस्तक सोडणार नाही, निकष गेला खड्ड्यात. प्रॅचेट पुन्हा वाचायचा तो सोबतीसाठी.

१२ ऑक्टोबर

शेवटचं : सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेसी’ (२०२०; २०२१ चा विमेन्स प्राइझ). पुतळ्यांनी भरलेल्या असंख्य दालनांचं घर, खालच्या मजल्यांत समुद्राची भरती. तिथे राहणारा एक माणूस रोजनिशी लिहितो, तारखा स्वतःच्या पद्धतीने घालतो : अल्बट्रॉस नैऋत्येच्या दालनांत आला ते वर्ष, अमुक महिना, अमुक दिवस. घरात सापडलेल्या हाडांच्या सांगाड्यांची तो निगुतीने देखभाल करतो, त्यांना पाणकमळं वाहतो. याहून जास्त लिहिणं म्हणजे नव्या वाचकाचा घात. पहिल्यांदा हे रहस्य म्हणून वाचलं जातं. दुसऱ्यांदा आपल्याला त्याच्या आधी सगळं माहीत असतं, आणि तो ज्याला ‘दुसरा’ म्हणतो त्या माणसाचं निरागसपणे कौतुक करायला लागला की वाचवत नाही. छोटं आहे, एका रविवारात होतं.

१८ ऑक्टोबर

खण लावला. अर्थसीची पहिली चार, टोल्किन मराठी आणि इंग्रजी दोन्ही, पॉटर पहिली तीन, एंडे, प्रॅचेट, क्लार्क, आणि वेताळकथांची एक जुनी, शिवण सुटलेली प्रत. ती आधी बाइंडिंगला द्यायची आहे. ‘टेहानू’ आधीची तीन वाचलेल्यांनाच द्यावं अशी चिठ्ठी आत घातली. बॉम्बाडिलवाल्या माझ्या चिठ्ठीखाली कुणीतरी आत्ताच ‘साफ चूक’ असं लिहून ठेवलंय. अक्षर काकूंचं आहे.

पुढच्या बैठकीत चर्चेला एंडे. रंगीत प्रत कुणाकडे असल्यास घेऊन यावी.